कोंबड्यांचा तक्ता

– नाही हो डॉक्टर, मामूली चक्कर. पडली नेमकी खुराड्यापाशी, हातातलं खाद्य सगळं सांडलं, तेवढंच. या परमुलखात तुम्ही मराठी, म्हणून घरून, अलीगंजहून, इथे निशातगंजला आणली, नाहीतर आमची बायको, ही सुभद्रा, कुठली यायला. खाणं? अहो, खाण्याचं मला विचारा ना! बँकेत अडतीस वर्षं काढलीत, तक्त्याशिवाय आपलं पान हलत नाही – हे बघा, मोबाइलवरच आहे. चार कोंबड्या, प्रत्येकीला रोज सव्वाशे ग्रॅम, प्रथिनं सोळा टक्के, खाली यायचं नाही म्हणजे नाही. अंडं देणारा जीव – अंगातून रोज काहीतरी जातं, ते भरून नको द्यायला? कॅल्शियम वेगळ्या वाटीत, शिंपल्यांचा चुरा. नाही दिलं तर स्वतःच्या हाडांतून काढतात हो त्या, मग पायांवर उभं राहवत नाही. कालवणं, झाडणं ही करते – पण तक्ता माझा. आणि उरलंसुरलं? बिल्कुल नाही! हिला पहिल्याच दिवशी सांगितलं, शिळी पोळी, कालची सब्जी तिकडे न्यायची नाही. नाही नेत. टाकतही नाही, काटकसरी आहे – स्वतः खाते.

काय? हिचं? जेवते की. मी आणि आमचा मुलगा अनुप नऊला बसतो, आमचं झालं की ही. काय म्हणजे... असेल ते. अंडी? तीन मिळतात रोज – दोन अनुपला, तो जिमला जातो, एक मला. हिला आवडतच नाहीत. हो ना गं? – बघा, मान हलवली. म्हणजे... हलवली, कशीतरी.

वजन? पांढऱ्या कोंबडीचं पावणेदोन किलो, दर रविवारी करतो. हिचं – हिचं नाही केलेलं. अच्छा, आता बोटाला टोचलंत त्यात हिमोग्लोबिन सात? कमी असतं ना ते? फार कमी? घाबरवू नका हो. लिहिताय काय – कॅल्शियम... प्रथिनं... शिळं बंद... अहो, हा तर माझाच तक्ता –

मी बाहेर बसू? पण हिला काय विचारणार, हिला नाही सांगता येत नीट. बरं. बरं, जातो. सुभद्रा, पिशवी दे इकडे, जड आहे ती. आणि... आज सकाळी काय खाल्लं होतंस गं तू?

चहा?

नुसता?

आणि काल – नको, राहू दे. यांच्यासमोर नको सांगूस. जातो मी.