मैनाच्या पाठीवरचे डाग

सुनीती : आप्पासाहेब, सदरा काढा म्हटलं. बंडीसुद्धा. कापडावर पेले चिकटत नाहीत.

आप्पासाहेब : काढतो की. शेफाली, तू हितं ये. माझी पाठ दिसंल अशी बस.

शेफाली : मी उभीच बरी आहे, आप्पा. लवकर आटपा, साडेदहाला माझी मीटिंग आहे.

सुनीती : आधी मला कळू दे, दुखतंय कुठे?

आप्पासाहेब : कुटंच न्हाय.

सुनीती : वा. न दुखणाऱ्या माणसावर उपचार करायची आमच्या दवाखान्यात पद्धत नाही.

आप्पासाहेब : मग दुखतंय म्हना. डॉक्टरीनबाई, हात जोडतो. मैनाला लावत व्हता, तसंच लावा. माझ्या लेकीला एकदा बघू द्या.

सुनीती : मैना म्हणजे धायरीच्या मैनाबाई? तुम्ही त्यांचे यजमान? अहो, आहेत कुठे त्या? दिवाळीपासून फिरकल्या नाहीत. मला वाटलं, बरं वाटलं असेल, आता कशाला येतील.

शेफाली : आई गेली, मॅडम. भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी गेली. झोपेतच. हार्ट अटॅक.

सुनीती : अरे देवा. मला कुणी कळवलंसुद्धा नाही.

शेफाली : कोण कळवणार? ती इथे यायची हेच मला माहीत नव्हतं. शेवटची आंघोळ घालताना मामीने तिची पाठ बघितली. मग मी बघितली. काळेनिळे डाग, गोल गोल, खांद्यापासून कमरेपर्यंत. मामाने माहेरची साडी तिच्या अंगावर घातली आणि तिथेच, सगळ्या भावकीसमोर, आप्पांना विचारलं, काय हाणलंत माझ्या बहिणीला? हे म्हणाले, पेले लावले होते. कसले पेले, कुठे, कशासाठी, काही नाही. मान खाली घालून बसले. मग मीही बोलले. फार बोलले.

आप्पासाहेब : तवापासनं समर्थचं तोंड दाखवलं न्हाय हिनं मला. एकुलता नातू हाय, बाई. घर सोडून गेली, पोराला पाळनाघरात ठिवती. परवा म्हनलं, एक डाव संगं ये, दवाखाना दाखवतो. मग पटलं न्हाय तर पुन्हा फोन करनार न्हाय.

सुनीती : पालथे झोपा. शेफाली, जवळ या. घाबरू नका. हा स्पिरिटचा बोळा. पेटवायचा, काचेच्या पेल्यात आत फिरवून लगेच बाहेर काढायचा, आणि पेला पाठीवर उपडा. आतली हवा गार होताना आकसते आणि कातडी वर ओढली जाते. हे बघा.

शेफाली : आप्पा, भाजतंय का?

आप्पासाहेब : न्हाय गं. वासरानं तोंड लावल्यागत वाटतंय.

सुनीती : चिनी वैद्य म्हणतात, जिथे रक्त अडतं तिथे दुखतं. ते वाहतं करायचं. मैनाबाईंना मी आधी सुया लावायचे, मग हे पेले. सुयांची लोकांना भीती वाटते. या बाई सुया लावल्या की चक्क घोरायच्या. म्हणायच्या, आठवडाभरात झोप म्हणावी अशी ही एवढीच.

शेफाली : कधी यायची?

सुनीती : गुरुवारी. स्वारगेटपर्यंत बस, पुढे रिक्षा.

शेफाली : गुरुवारी ती दत्ताला जायची. मला तसंच सांगायची. प्रसादाचे पेढे आणायची!

सुनीती : पेढे आमच्या कोपऱ्यावर मिळतात.

(दोन्ही बाजूंना लावलेले पेले एकेक करून निघतात. आप्पासाहेबांच्या पाठीवर जांभळे गोल डाग उमटलेले आहेत.)

शेफाली : हेच. अगदी हेच, आप्पा. मी काय काय बोलले तुम्हाला. लोकांसमोर. आईचं सरण पेटायच्या आधी.

आप्पासाहेब : झालं ते झालं. बघितलंस न्हवं? आता चल. तुझी मिटिंग ऱ्हाईल.

शेफाली : थांबा. मॅडम, यांना तुम्ही दोन्ही बाजूंना लावलेत. आईचे सगळे डाग डावीकडेच होते.

सुनीती : जिथे आखडलेलं असतं तिथे लावतात.

शेफाली : डावीकडेच का आखडायचं?

आप्पासाहेब : वारं लागायचं गं. खिडकीच्या अंगाला निजायची ती. डॉक्टरीनबाई, सांगा की हिला.

सुनीती : मला यात ओढू नका. मैनाबाईंनी बजावलं होतं, घरच्यांपैकी कुणी आलंच तर कारण सांगायचं नाही.

शेफाली : घरच्यांपैकी म्हणजे मीच ना? आणखी कोण आहे? आप्पांना तर ठाऊकच होतं.

आप्पासाहेब : शेफाली, चल म्हनलं ना.

शेफाली : समर्थ. समर्थ तिच्या डाव्या कडेवर असायचा. मी सकाळी निघायचे तेव्हा डाव्या कडेवर, रात्री यायचे तेव्हाही तिथेच. खाली ठेवला की रडायचा. ती उजव्या हाताने फोडणी टाकायची, आणि मी हसत फोटो काढायचे, आप्पा. हसत.

आप्पासाहेब : नातू हाय. कडंवर घेनारच की.

शेफाली : एकदा तरी म्हणायचं होतं तिने, कंबर दुखते म्हणून. मी नोकरी सोडली असती.

आप्पासाहेब : म्हनून तर बोलली न्हाय.

शेफाली : आणि तुम्ही? तिच्या शेजारी बसून सगळं ऐकून घेतलंत. एवढं एक सांगितलं असतं, तर मामा बोलला नसता, मी बोलले नसते. का नाही सांगितलंत?

आप्पासाहेब : तू म्हनालीस ते खोटं व्हतं, पोरी. म्हनून मला सोसलं. ह्ये खरं हाय. ह्ये तुला कसं सोसायचं?