काकूंचा सडा आणि महादेवाची गळती

मंडळी, ऐका. पुढं बसलेल्यांना नमस्कार, आणि मागं खांबाला टेकलेल्यांना जरा वाकून नमस्कार. कारण थोड्या वेळानं ते उत्तर द्यायच्या स्थितीत असतीलच असं नाही. आपण महादेवाच्या दारात बसलोय. आत पिंडीवर गळती लागलीय, थेंब ऐकू येतोय ना? आज ताल त्याचा. बापूराव, तुम्ही तबला वाजवा हो, पण तो थेंब तुमच्याआधी थकायचा नाही एवढं लक्षात असू द्या.

तर आजचा प्रश्न. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला द्यायचं कसं? किती द्यायचं हे सगळेच विचारतात. कसं द्यायचं, हे कोणी विचारतं का? येता-जाता, दिसेल तेव्हा, थोडं थोडं? की आणखी काही रीत आहे? आत्ताच माना हलवू नका. तुम्हाला वाटतंय मी लेकराबाळांबद्दल विचारतेय. मी गवताबद्दल विचारतेय.

हसा, हसा. गवतच. भागीरथीकाकूंच्या अंगणातलं.

नाव बघा कसं – भागीरथी! आणि राहायला कुठं? तर आपल्या या भागात, जिथं नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही पाऊण तास. वडगाव रस्त्यावरच्या शिक्षक कॉलनीत काकूंचं बैठं घर, पुढं आठ खाटा मावतील एवढं अंगण. यजमान दत्तोपंत, एसटीत कंट्रोलर होते. आयुष्यभर खिडकीत बसून लोकांना गाडी कधी येणार ते सांगितलं. निवृत्त झाले, पण खिडकी सुटली नाही. घरातही चहा दोन मिनिटं उशिरा आला की घड्याळाकडं बघून म्हणायचे, "नऊ पंधराची अजून लागली नाही."

तर या काकूंनी साठाव्या वर्षी अंगणात लॉन लावलं. लॉन म्हणजे काय? हरळी हो, आपली हरळी. माहेरी शेतात काकूंनी लहानपणी हीच हरळी खुरप्यानं उपटली. वाकून, उन्हात, अनवाणी. ढेकळांनी पाय फुटलेले. आणि तीच हरळी नर्सरीवाल्यानं बर्म्युडा म्हणून चौकोन कापून विकली, ती काकूंनी हौसेनं विकत आणून लावली. आता याला माया म्हणायचं की फसवणूक, तुम्ही ठरवा. पण काकू रोज पहाटे त्या गवतावर अनवाणी दहा फेऱ्या घालायच्या. कोणाला सांगितलं नाही त्यांनी, पण पहिल्या दिवशी पाय टेकवला आणि डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर जे केलं ते शिजवायला, वाढायला, कोणाच्या तरी उपयोगाला. हे एकच असं, की ज्याचा काही उपयोग नव्हता. नुसतं पायाला गार लागायचं.

होळी झाली. ऊन चढलं. गवत पिवळं पडायला लागलं. काकूंचा जीव कासावीस. मग त्यांनी काय केलं? जे आईनं शिकवलं, आजीनं शिकवलं, तेच केलं. सकाळी उठून तांब्या घेतला आणि सडा टाकला! हातानं, शिंतडून, कसा – असा, अर्धगोल. आहाहा. काय तो हात! एक कोपरा कोरडा राहायचा नाही. दुपारी गवत तापलं की पुन्हा सडा. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पुन्हा. बायकांनो, माना खाली घालू नका, आपण सगळ्यांनी हेच केलं असतं. अंगण म्हटलं की आपला हात आपोआप वळतो.

पण सडा कशासाठी असतो? धूळ बसावी म्हणून. अंगण चांगलं दिसावं म्हणून. सड्यानं कधी कोणाची तहान भागलीय का?

गवत रोज तीनदा ओलं व्हायचं आणि रोज थोडं मरायचं. वर दत्तोपंतांची कात्री. त्यांनी ते कापून कापून पोलीस भरतीतल्या डोक्यासारखं केलेलं. शेवटी एका सकाळी ते अंगणातल्या आपल्या खुर्चीतून म्हणाले, "अगं, किती दिवस या पेशंटला सलाईन लावणार? लतीफ मिस्त्रीला बोलावलंय मी. मृगाच्या आत फरशी टाकून घेऊ. झाडायला सोपं."

काकू म्हणाल्या, "आणि हिरवं झालं तर?"

"झालं तर राहू दे. पण मृगाच्या आधी. नंतर पावसानं दगडसुद्धा हिरवा होतो."

मंडळी, बाईच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, इथं तर तिच्यावर फरशीच बसणार होती.

काकू आल्या इथं, याच महादेवाकडं. चैत्राचा शेवट होता. सोपान गुरव पिंडीवर गळती बांधत होते. तांब्याचं पात्र, बुडाला भोक, भोकात दर्भाची वात. एक थेंब. मग दुसरा. काकू आधीच वैतागलेल्या, त्यात बघतात तर देवाच्या घरीसुद्धा पाण्याची ही तऱ्हा.

"गुरव, एवढं थेंब थेंब कशाला? हंडाभर ओता की एकदाच. उन्हाळा देवालाही लागतो."

सोपान गुरव वात नीट करत म्हणाले, "आक्का, एकदम ओतलेलं पाणी कोणाच्या बापाला झेपलंय? स्वर्गातून गंगा निघाली तेव्हा थेट जमिनीवर आली असती तर जमीन वाहून गेली असती. यांनीच डोकं पुढं केलं. जटेत धरली, जिरवली आणि मग हळूहळू सोडली. आणली तुमच्या नावाच्या भगीरथानं, खरं, पण पाजली यांनी."

"ते पुराणात. माझं गवत अंगणात आहे. मी रोज तीनदा पाणी घालते."

"किती खोल जातं?"

आता बघा. काकूंनी गवताला पाणी दिलं, शेणखत दिलं, दोनदा नजरही उतरवली. पण हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नव्हता. गुरवांनी कोपऱ्यातल्या मोडक्या छत्रीची एक काडी काढून दिली. "घरी जाऊन खुपसा. जिथपर्यंत ओल, तिथपर्यंत जाईल. कोरडं लागलं की अडेल."

काकूंनी घरी येऊन काडी खुपसली. ती नखभर गेली आणि अडली. इकडं नखभर, तिकडंही नखभर. मग त्यांनी गवताचा एक ठोंब उपटला. तो सहज आला, वाटीतून चमचा उचलावा तसा. खाली मुळं होती बोटाच्या पेराएवढी, तीही खाली गेलेली नाहीत, आडवी पसरलेली. वर तोंड करून बसलेली! का नाही बसणार? खाली जायची गरजच काय? वर तीनदा तांब्या येतोय.

काकू तो ठोंब हातात धरून पायरीवर बसल्या. त्यांना त्यांचा पुण्यातला नंदू आठवला. चौतिसाव्या वर्षी फोन करून विचारतो, "आई, वरणाला किती शिट्ट्या?" तुमच्याकडं असा कोणी असेल तर त्याचं नाव मनातल्या मनात घ्या.

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी सडा बंद केला. म्हणायला सोपं आहे हो. दुपारी गवत तापायचं आणि काकूंचा हात तांब्याकडं जायचा. हा हात मागं घेणं म्हणजे काय तपश्चर्या आहे, ते आईला विचारा. जे पाणी रोज शिंतडायच्या तेच त्यांनी ड्रममध्ये साठवलं, एक तांब्याही जास्त नाही. पहाटे फेऱ्या घालताना मागं वळून बघायच्या. पाऊल उचललं की गवत उभं राहतंय? म्हणजे अजून दम आहे. पाऊल तसंच उमटून राहिलं, की समजायचं, आता याला खरी तहान लागली. असं व्हायला कधी सहा दिवस लागायचे, कधी सात.

त्या पहाटे, ऊन वर यायच्या आत, काकू रंगाचे पाच रिकामे डबे बाहेर काढायच्या. बुडाला खिळ्यानं भोक, भोकात जुन्या लुगड्याची चिंधी. दोन-दोन विटांवर डबा ठेवायचा. थेंब, थेंब. तासाभरानं डबा पुढं सरकवायचा. छत्रीची काडी वीतभर जाईपर्यंत.

दत्तोपंत खुर्चीतून बघत होते. "एक महादेव देवळात होता. आता पाच अंगणात. बेल आणू का?"

"बेल नको. तुमची कात्री तेवढी आत ठेवा. वाढू द्या जरा, त्याची सावली त्यालाच पडेल."

ते पुटपुटले, पण कात्री आत गेली. एक गोष्ट मात्र काकूंना समजेना. त्या उन्हाळ्यात दत्तोपंतांना तहान फार लागायला लागली. दुपारी त्यांच्या खुर्चीशी भरून ठेवलेला तांब्या काकू झोपून उठेपर्यंत रिकामा. काकूंना वाटलं, साखर वाढली. तपासली, तर नाही. आणि दुसरी गंमत – सगळं अंगण जेमतेम हिरवं, पण खुर्चीजवळचा तुकडा मात्र पोपटासारखा. दत्तोपंत मिशीत हसायचे. "माणसाच्या सहवासाचा गुण असतो तो."

वैशाख संपत आला आणि गावच्या पंपाची मोटर जळली. पाचव्या दिवशीचा नळ पंधराव्या दिवशीही आला नाही. पिण्याचं पाणी दोन गल्ल्या सोडून विहिरीवरनं, कमरेवर कळशी घेऊन. आता गवताला कोण देणार? काकूंनी डबे धुऊन पालथे घातले. आठ दिवसांत अंगण तपकिरी झालं, खुर्चीजवळच्या पोपटासकट. काकूंनी पहाटेच्या फेऱ्या सोडल्या, झोपलेल्यावर पाय देऊ नये म्हणून.

आणि मृगाच्या चार दिवस आधी लतीफ मिस्त्री टिकाव घेऊन दारात हजर! तारीख दत्तोपंतांनीच दिलेली, आणि एसटीतला माणूस तारीख बदलत नाही. काकू दारातून बाहेर आल्याच नाहीत. चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

मिस्त्रींनी पहिला घाव मधोमध घातला. टिकाव रुतला आणि तिथंच राहिला. हिसका मारला, तर ढेकूळ निघालं, पण गवत सोडेना. खाली पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं, वीतभर, मातीला घट्ट धरून. मिस्त्रींनी वाळकं पातं बाजूला केलं, बुडखा नखानं खरवडला. आत पांढरा, ओलसर.

"काका, हे मेलेलं नाही. पडून राहिलंय नुसतं. पाणी लागलं की उठतंय हे."

मग ते खुर्चीजवळ गेले. तिथं टिकावाची गरजच पडली नाही. बोटानं धरलं, तर अख्खा तुकडा वर आला. टोप निघावा तसा! खाली मुळं पेरभर. सगळी करकरीत वाळलेली.

"हे मात्र गेलं. इथं काय केलं होतं तुम्ही?"

काकू दारातून म्हणाल्या, "तिथं तर मी काहीच वेगळं केलं नाही."

दत्तोपंत समोरच्या विजेच्या खांबाकडं बघत होते. काकूंनी एकदा त्या तुकड्याकडं बघितलं, एकदा खुर्चीकडं, आणि मग खुर्चीशी ठेवलेल्या तांब्याकडं.

"अहो. तुमची तहान."

"अगं, तू दुपारी झोपायचीस," दत्तोपंत म्हणाले, "आणि ते तापायचं. म्हटलं, फरशीचं मीच बोलून बसलो. हिचं गवत जाऊ नये. बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढ्याला घालत होतो."

ऐकलंत? ज्यानं मोडायचं ठरवलं, तोच चोरून जगवत होता. आणि ज्याला त्यानं जगवलं, तेवढंच मेलं! या माणसाला रागवावं की काय करावं? काकूंनाही समजलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, हे मिस्त्रींनासुद्धा कळलं नाही, आणि ते फार सभ्य माणूस, त्यांनी टिकावाची धार बघायला सुरुवात केली.

दत्तोपंतांनी घसा साफ केला. खिडकीतल्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, ही गाडी रद्द नाही. उशिरानं धावतेय. खोदलेलं परत बसवा. आणि हा जो तुकडा मी मारला, तेवढ्यावर चार फरश्या टाका, माझ्या खुर्चीपुरत्या."

काकू पायरी उतरून खाली आल्या. "चार नको. आठ टाका," त्या म्हणाल्या. "मी काय उभी राहू?"

तर मंडळी, अंगण तिथंच राहू द्या आणि आता आपापल्या घरात या. तुमचं काय चाललंय? लेकाला दिवसातून तीनदा फोन, "जेवलास का?" हा सडा की गळती? सुनेला येता-जाता दोन गोड शब्द, धूळ बसावी एवढेच – आणि तिच्याजवळ बसून तिचं पूर्ण ऐकलं, असं शेवटचं कधी झालं? देवाला सकाळी अंघोळीनंतर दोन मिनिटं, एक डोळा गॅसवरच्या दुधाकडं. हे मी तुम्हाला सांगतेय असं समजू नका. माझ्या घरीही दूध उतू जातंच.

छत्रीची मोडकी काडी प्रत्येकाच्या घरी असते. आज घरी गेलात की ज्याच्यावर जीव आहे त्याच्यापाशी, रागानं नाही, जरा हळूच, खुपसून बघा. किती खोल गेलंय आपलं? नखभर निघालं तर वाईट वाटून घेऊ नका. तांब्या तोच, पाणी तेवढंच. फक्त हात थांबवायला शिकायचं, आणि एकदा द्यायला बसलं की उठायची घाई करायची नाही.

मागच्या खांबाजवळच्यांना उठवा. त्यांना सांगा, ते मेलेले नाहीत हे मला माहीत आहे. आत थेंब पडतोय तोवर हात जोडा, आणि जाताना चपला शोधायला एकमेकांना मदत करा.