महादेवचा लोह्याजवळचा रस्ता

रस्त्यांना शिव्या देऊन राहिलात, म्हणून सांगतो. आमचा मित्र महादेव, उदगीरचा, नॉर्वेत रस्त्यांवर संशोधन करायचा. तिथं हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं आणि वरचं डांबर फुगून फाटतं. हा म्हणायचा, "आपली काळी माती पावसाळ्यात तेच करते. पाणी खाली शिरूच दिलं न्हाई, तर रस्ता टिकंल."

त्यापायी चांगली नोकरी सोडून आला. हापिसांचे उंबरे झिजवून लोह्याजवळ रस्त्याचा एक तुकडा प्रयोगाला मिळवला. पुढंमागं खड्डेच खड्डे, पण याचा तुकडा दोन पावसाळे गुळगुळीत राहिला.

औंदाच्या पावसाळ्यात साहेब लोक तपासणीला येणार होते. आदल्या दिवशी आम्ही दोघं मोटरसायकलवर बघायला गेलो, तर रस्त्याच्या मधोमध जेसीबी चालू. नळाची पाइपलाइन टाकून राहिले होते.

महादेव ओरडला, "अहो, थांबवा! हा प्रयोगाचा रस्ता हाय!"

"आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई," ऑपरेटर म्हणाला. "पण लई कडक हाय साहेब. मशीनचे दोन दात तुटले."

महादेव चरात उतरला. पाऊस भुरभुरत होता. चराच्या कडेला, डांबराखालची माती त्यानं उकरून मुठीत दाबली. कोरडी होती.

"जमलं होतं रे," तो माझ्याकडं बघून म्हणाला आणि तिथंच खाली बसला.

"सरका साहेब," वरून ऑपरेटर म्हणाला, "पाइप सोडायचाय."