पैंजण प्लसला

कोल्हापूरच्या स्टँडवर आजऱ्याच्या गाडीची रांग काही हलेना, तेव्हा कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या मेहमुदा मॅडमनी पुढच्या नवरा-बायकोकडे कान लावला.

“तुझ्या आईनं दिल्यालं पैंजण नकली हैत. चांदीचं पाणी चढवाय घरीच मशीन आणलं, तर निम्मं विरघळलं की! आज उतरल्या उतरल्या सुनावतो तिला.”

“आन् मशीनच्या पाण्यात पैंजणाशेजारी टांगलेली चांदीची पट्टी जाड कशी झाली वो?”

“मशीन भारी हाय.”

“व्हय, आन् चालवणारा त्याहून भारी.”

मॅडमना राहवेना.

“पावणं, पैंजण कुठल्या वायरला जोडले होते?”

“प्लसला. प्लस म्हंजे वाढणारच की, मॅडम!”

“प्लसच्या टोकाला अॅनोड म्हणतात. तिथली चांदी झिजते आणि मायनसवर जाऊन बसते.”

“म्हंजे माझ्या आईची चांदी खरी?”

“खरी, म्हणून तर पट्टी जाड झाली.”

“मग आता काय सुनावणार वो आईला?”

“हळू बोल की, रांगेतली माणसं ऐकत्यात.”

“मगाशी नकली म्हणताना रांग बहिरी हुती व्हय?”