ढालीवर यांचं नाव नको

मंडळी, बसा. माझ्यासाठी कुणी उभं राहायची गरज नाही.

इतके सगळे आलात. कुणी हैफाहून आलात, कुणी कामावर सुट्टी टाकून आलात. उपकार आहेत. मला किती बोलता येईल ठाऊक नाही. रूथ, माझी मुलगी, येताना म्हणाली, "आई, हिब्रूत बोल, तरुण मुलांना कळेल." मी म्हटलं, बाळ, मला राग मराठीत येतो. आणि ज्यांना कळायला हवं, त्यांना मराठी येतं.

आत्तापर्यंत जे बोलले, ते सगळे म्हणाले, सॅमीभाऊ फार शांत माणूस. शांत नव्हते हो. बोलत होते. ऐकत कोण होतं?

तुमच्या या रेडिओ क्लबात माझे हे एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगत होते. मला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही, तरी माझीही पाठ झाली. चालत्या गाडीतून सेटवर बोलताना पॉवर कमी ठेवा, दहा वॅट खूप झाले. नव्या गाड्यांत इंजिनाला कॉम्प्युटर असतो, तुमच्या सेटनं तो बिघडू शकतो. किती वॅट चालतात ते गाडीच्या पुस्तकात असतं, ते वाचा. जास्त पॉवर हवी? गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, मग खुशाल जगाशी बोला. मुंबईला टेलिफोन खात्यात इंजिनियर होते हे. उगाच घाबरणारा माणूस नव्हता.

आणि तुम्ही काय केलंत? नाव पाडलंत. दहा वॅटवाले सॅमीभाऊ. वाढदिवसाला माझ्या घरी येऊन झिरोचा बल्ब दिलात, लाल रिबन बांधून. मुद्दाम मुंबईहून मागवलेला. हे हसले. माणूस हसला म्हणजे त्याला लागलं नाही, असं असतं का? दुसऱ्या दिवशी यांनी तो बल्ब पॅसेजमध्ये लावला. अजून जळतोय.

मग ती वाळवंटातली मित्स्पे रामोनची सहल. चालत्या गाडीतून कोण सगळ्यात लांब बोलतो, त्याची शर्यत. हे जाणार नव्हते. बेनीभाऊ, तुम्ही क्लबचे अध्यक्ष, तुम्ही स्वतः न्यायला आलात. सॅमी आला नाही तर लोक म्हणतील रुसला, म्हणालात. लोक काय म्हणतील, म्हणून गेले. मी पोळ्या आणि बटाट्याची भाजी दिली होती. डबा परत आला, न उघडलेला.

पुढचं मी पाहिलं नाही. शिवाच्या सुतकात सात दिवस मी खाली बसले होते, तेव्हा बेनीभाऊंनीच समोर बसून सांगितलं, प्लास्टरमधला हात मांडीवर धरून. रडत सांगितलं, आणि खोटं बोलले नाहीत. तेवढं मी मानते.

उताराचा रस्ता होता. यांनी पॉवर खाली आणायला सांगितलं. बेनीभाऊंनी आणली. पलीकडचा म्हणाला, ऐकू येत नाही. परत वाढवली. तेव्हा हे म्हणाले, "बेनी, गाडी थांबव, मग बोल."

बेनीभाऊ म्हणाले, "थांबलो तर शर्यतीत धरणार नाहीत. यिहये बेसेदेर."

होईल ठीक. या देशात आल्यावर सगळ्यात आधी आपण हेच वाक्य शिकलो. त्यांनी माइकचं बटण दाबलं आणि इंजिन गेलं. स्टिअरिंग जड झालं. समोर वळण होतं.

तपासणारे काय लिहायचं ते लिहितील. म्हणतील वायर सैल होती, म्हणतील वेग होता. लिहू देत. गाडी थांबव म्हणणारा माणूस गाडीत बसला होता, आणि गाडी थांबवली नाही. मला एवढंच कळतं. कृपा करून याला देवाची मर्जी म्हणू नका. देवानं बटण दाबलं नाही.

आज इथं आल्यावर कळलं, क्लब यांच्या नावानं फिरती ढाल ठेवणार आहे. कुणाला द्यायची? चालत्या गाडीतून सगळ्यात लांब बोलेल त्याला. दरवर्षी. कुणाला सुचलं हे? एवढ्या माणसांत एकाचीही जीभ अडखळली नाही?

यांचं नाव त्या ढालीवर घालायचं नाही. मी आहे तोवर नाही. मी गेल्यावरही नाही, रूथला सांगून ठेवलंय.

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, असं ठरलंय. नको. जिवंतपणी यांचं ऐकलं नाहीत, आता नुसतं गप्प राहून काय होणार? तुमच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत. टपावर एरिअल आहेत, आत सेट आहेत. त्याच गाड्यांतून तुम्ही घरी जाणार. शेजारी बायको असेल, मागे नातवंडं असतील. तेव्हा उठा. आपापल्या गाडीत जा, पॉवर खाली आणा, यांनी सांगितली होती तेवढी, आणि परत या. सगळे परत येईपर्यंत मी इथं उभी आहे.

बेनीभाऊ, तुमची गाडी तर गेली. आज तुम्ही मुलाच्या गाडीतून आलात. तिच्यावरही एरिअल आहे, मी पाहिलं.

आधी तुम्ही उठा.