रावेतचा मुखवटा आणि लॉरीचे हँडल

मी, सुमन यशवंत चिटणीस, वय ५४, शिक्षण बी. ए., व्यवसाय मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका, राहणार चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे. आज मंगळवार, ता. १४ फेब्रुवारी १९५६ रोजी सकाळी नऊ वाजता आपण होऊन चौकीवर हजर होऊन सांगते की,

रविवारी संध्याकाळी रावेत येथे मारुतराव पाटील यांचे डोके फुटले. त्याबद्दल लॉरीवाला मन्सूर बरकत, वय २६, परवापासून कोठडीत आहे. तो घाव मन्सूरचा नाही. मारुतराव अजून शुद्धीवर नाहीत. ते गेले तर मन्सूरवर खुनाचा खटला होईल. म्हणून मी आले. जमादार उद्धवराव यांनी 'बाई, घरी जा' असे दोनदा सांगितले व लिहून घेतले नाही, म्हणून हा जबाब माझ्या हातचा आहे.

रावेतमध्ये मी बायकांचा साक्षरतेचा वर्ग चालवते. वर्गातील अकरा जणींना मुंबई दाखवण्यासाठी शनिवारी मन्सूरच्या लॉरीने नेले. त्या दुपारी एक चित्रदालन पाहिले. काही तैलचित्रांतील स्त्रियांच्या अंगावर वस्त्रे नव्हती. छबूबाई म्हणाली, 'एवढं मोठं घर, अन् बाईला लुगडं न्हाई.' शालनबाई म्हणाली, 'दांडीवर वाळत आसंल.' रखवालदाराने हसू नका म्हणून बजावले. मीही बजावले.

रविवारी सकाळी दहाला पदार्थसंग्रहालयात गेलो. आत देव आहेत एवढेच बायकांना ठाऊक होते. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. मी अडवले नाही. वरच्या मजल्यावर काचेच्या कपाटात देवीचा पितळी मुखवटा होता. छबूबाईने काचेला कुंकू लावले, वाकून पाहिले आणि ती तेथेच खाली बसली.

'बाई, ही आमची आई हाय.'

पितळी मुखवटे सारखेच दिसतात, असे मी सांगितले.

'नवरात्रात ह्या हातांनी चिंच लावून घासलीया मी. कान तुटला व्हता. कल्हईवाल्या बरकतनं डाख दिला, वाकडा. बघा डाव्या कानामागं.'

मी पाहिले. कान जोडल्याचा डाख वाकडा होता.

खाली काय लिवलंय, असे शालनबाईने विचारले. पट्टी इंग्रजीत होती. मी मराठीत सांगितली : रावेतच्या देवीचा मुखवटा, मारुतराव पाटील यांजकडून भेट, १९४४.

त्याच साली हा मुखवटा देवळातून चोरीस गेल्याचे मारुतरावांनी गावाला सांगितले होते, आणि कल्हईवाला बरकत, म्हणजे मन्सूरचा बाप, याचे नाव घेतले होते. बरकतला चावडीपुढे मारले. उजव्या हाताची बोटे दगडावर ठेवून मोडली. त्याने पुन्हा कल्हई केली नाही. दीड वर्षाने वारला. चोरीच्या वेळी मामलेदारांकडे त्याच्याविरुद्ध इंग्रजी अर्ज गेला, तो मारुतरावांनी सांगितला व मी लिहिला. 'खात्रीने' हा शब्द त्यांनी सांगितला नव्हता. तो मी घातला.

परतताना मी पुढे मन्सूरशेजारी बसले होते. खंडाळ्याच्या घाटात त्याने विचारले, 'बाया आज गप का?' मी मुखवट्याचे सांगितले. अर्जाचेही सांगितले.

तो म्हणाला, 'अर्जाचं ठावं हाय मला. अब्बा सांगत व्हता.'

पुढे रावेतपर्यंत त्याने गाडी नीट चालवली.

साडेपाचला पोचलो. छबूबाई उतरून थेट मारुतरावांच्या ओट्यापुढे गेली. 'पाटील, आई मुंबईला काचंत बसलीया. तुमीच धाडली म्हणं.'

'कोन म्हणतं?'

'बाईंनी वाचलं.'

मारुतराव माझ्याकडे पाहून म्हणाले, 'बाई, तुमी लिवता बी, अन् वाचता बी.' मग त्यांनी वेळूची काठी उचलली. पहिला फटका छबूबाईच्या तोंडावर बसला. समोरचे दोन दात पडले. दुसरा कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मन्सूर लॉरी पुन्हा चालू करण्यासाठी फिरवायचे लोखंडी हँडल घेऊन उभा होता. तो मध्ये गेला. त्याने हँडल उगारले नाही. मारुतरावांनी त्याच्या मनगटावर काठी मारली व हँडल खाली पडले. मारुतरावांचा भाऊ सयाजी याने त्याला मागून धरले. काठी मोडेपर्यंत मारुतराव त्याला तोंडावर मारत होते, मग टाकून बुक्क्यांनी मारू लागले. 'बापावानी तुजी बी बोटं मोडतो,' असे ते म्हणाले. बाकीच्या दहा बायका व ओट्यावरची पाच-सहा माणसे पाहत होती. कोणी हलले नाही.

मी हँडल उचलले आणि मारुतरावांच्या डोक्यात मारले. ते गुडघ्यांवर आले. मी पुन्हा मारले. दुसऱ्या घावाच्या वेळी त्यांच्या हातात काही नव्हते व ते कोणालाही मारत नव्हते.

सयाजीने पोलिसांना मन्सूरचे नाव सांगितले. बायकांनी तेच सांगितले. शालनबाई माझ्या कानाशी म्हणाली, 'तुमी गप ऱ्हावा, बाई. वर्ग कोन घेईल मंग?' मी गप्प राहिले. मन्सूरचा एक डोळा उघडा होता. त्याने पाहिले आहे. त्याने माझे नाव सांगितलेले नाही.

सोमवारी मी पाचवीला भूगोल व सातवीला इंग्रजी शिकवले. त्या दिवशी येथे का आले नाही, याला कारण देत नाही.

वरील मजकूर मी जमादारांना मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या घावाचे वाक्य काढा, असे त्यांनी सुचवले. काढलेले नाही. कोणी सांगितले म्हणून यातला एकही शब्द लिहिलेला नाही.

चौकीत जमा केले ते : पांढरे पातळ एक, पदरास रक्त लागलेले, न धुतलेले. छबूबाईचे दात दोन, कागदात. शाळेच्या किल्ल्या तीन. किल्ल्या शाळेचा शिपाई ज्योतीराम याजकडे साडेदहाच्या आत पोचाव्यात. मुली बाहेर उन्हात उभ्या राहतील.

(सही) सुमन यशवंत चिटणीस