चार सुरांच्या जागेत पाच

प्रिंटच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ होते. तिच्या हातावर उघडा लॅपटॉप, पडद्यावर वडिलांनी रचलेल्या धुनेची स्वरलिपी. संध्याकाळी त्यांच्या शोकसभेत बँड ती वाजवणार होता.

"ताई, सगळीकडे मात्रेत चार सूर, इथेच पाचाचा गट कशाला?"

"रेकॉर्डिंगमध्ये बाबांनी तसंच वाजवलंय. दोन सूर, विराम, पुन्हा दोन सूर."

"बँडवाले शिव्या घालतील. काढ तो विराम."

"या सॉफ्टवेअरमध्ये नुसता खोडून जात नाही रे. अख्खा गट उडवून नव्याने भरावा लागतो."

"मग उडव."

"बाबांनी मुद्दाम ठेवलेली जागा आहे ती!"

"मुद्दाम? दे तो हेडफोन. अगं, खोकलेत ते!"

"काहीतरीच."

"नीट ऐक. क्लॅरिनेट वाजवताना सिगरेटचा खोकला आलाय. आणि तू त्याला कला समजून सकाळपासून डोकं फोडतेयस."

"अरे देवा! म्हणून आई रेकॉर्डिंग ऐकताना बरोबर इथेच त्यांना शिव्या घालते."

"हसू नकोस, लोक बघतायत. उडव गट."

"उडवला. चार सूर टाकले. ऐक."

"झालं सरळ."

"हो. पण बाबा गेले त्यातून."

"पहिल्यासारखं कर."

"आणि बँडवाल्यांनी विचारलं, इथे का थांबायचं, तर?"

"सांग, आई पुढच्याच खुर्चीत असेल. तिला शिव्या घालायला जागा हवी."

"एवढ्याशा जागेत?"

"पुरेल. तिचा आयुष्यभराचा सराव आहे."